कुकरची रिंग आणि तीन मजली दुकान

वाचकांचे प्रश्न : बाजारहाट

मागील अंकात आम्ही वाचकांना आपापल्या गावच्या बाजारपेठेविषयी लिहावयास सांगितले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच दुखण्याविषयी आहेत. ज्या दुकानात कापडापासून कंदिलाच्या काचेपर्यंत सर्व काही मिळत असे, ते जुने मोठे दुकान एक तर बंद पडले आहे, किंवा उघडे असूनही त्यात हवी ती वस्तू मिळेनाशी झाली आहे. प्रस्तुत सदरलेखकाने कोकणातील एका सहकारी ग्राहक भांडाराच्या खरेदी विभागात ३१ वर्षे नोकरी केली असल्यामुळे ही पत्रे उत्तरांसाठी त्याच्याकडे सोपविण्यात आली. ते भांडारही आज नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तरांत कोठे कडवटपणा आढळलाच तर तो कोठून आला हे वाचकांना शोधत बसावे लागणार नाही.

मालवण येथील एका भगिनींचे पत्र

गौरी यायच्या आठ दिवस आधी मी तीन वस्तू घ्यायला बाजारात गेले होते. पाच लिटरच्या कुकरची रिंग, गौरीच्या ओवशासाठी (सूप वाहण्याच्या विधीसाठी) काढून ठेवलेल्या शेवाळी साडीवरचा ब्लाउजपीस आणि वडिलांसाठी १०० नंबरचा बाह्यांचा गंजीफ्रॉक. माझ्या लहानपणी या तिन्ही वस्तू एकाच तीन मजली दुकानात मिळत आणि वर आईला बसायला स्टूलही मिळे. आता त्या दुकानाच्या तळमजल्यावर मोबाइलची कव्हरे लटकत आहेत, वर जाणाऱ्या जिन्याला साखळी लावलेली आहे आणि काहीही मागितले तरी एकच उत्तर मिळते, ‘आता ता आमी ठेवणव नाय, ऑनलाइन बघा.’ दुकानदारालाच विकायचे नसेल तर आम्ही जायचे कुठे?

उत्तर : आपण मागितलेल्या तिन्ही वस्तू एकाच जातीच्या आहेत. व्यापाराच्या भाषेत त्या मालाला ‘उठाव’ नाही. साबण, चहापूड, खोबरेल, धुण्याची पावडर हा उठावाचा माल होय. कंपनीचा माणूस दर आठवड्याला ऑर्डर घ्यायला येतो, पेटी फुटली की चारपाच दिवसांत संपते, घातलेले पैसे लगेच मोकळे होऊन पुन्हा नव्या पेटीत जातात. नफा थोडा असला तरी तो वर्षभरात पुष्कळ वेळा मिळतो. कुकरच्या रिंगेचे तसे नाही. दोन, तीन, पाच, साडेसात अशी लिटरांची मापे निराळी, आतल्या झाकणाचा कुकर निराळा, बाहेरच्या झाकणाचा निराळा, आणि एका कंपनीची रिंग दुसऱ्या कंपनीच्या झाकणात बसत नाही. दारात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘आहे’ म्हणायचे असेल तर दुकानात तीसचाळीस प्रकारच्या रिंगा टांगून ठेवाव्या लागतात. त्यांतल्या काही वर्षभरात एकदाही खाली उतरत नाहीत, आणि रबर असल्यामुळे पडून पडून कडक होतात.

आमच्या भांडारात भांडी विभागाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती. प्रत्येक खिळ्याला सुतळीत ओवलेल्या रिंगांचा जुडगा आणि त्यावर साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेली चिठ्ठी असे. त्या चिठ्ठीवर कंपनी, लिटर आणि ‘आ’ किंवा ‘बा’ एवढेच लिहिलेले असे, म्हणजे आतले झाकण की बाहेरचे. दरवर्षी मार्चमध्ये मालाची मोजदाद झाली की हिशेबतपासनीस त्या भिंतीपुढे उभे राहून विचारत, हा माल किती वर्षे असाच पडून राहणार? आमचे व्यवस्थापक दरवर्षी तेच उत्तर देत, ‘साहेब, रिंगेसाठी आलेली बाई जाताना साबण घेऊन जाते.’ जुन्या मोठ्या दुकानाचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात येते. उठावाचा माल बिनउठावाच्या मालाला पोसत होता, आणि बिनउठावाचा माल गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणत होता.

पुढे साबण महामार्गावरच्या नव्या सुपरमार्केटात गेला, चादरी आणि कपडे फोनवर गेले, आणि रिंगेसाठी येणारी बाई फक्त रिंगेसाठीच येऊ लागली. तेव्हा भिंतीवरचे खिळे कोणाच्या जिवावर भरायचे, हा प्रश्न उभा राहिला. आपल्या तीन मजली दुकानाच्या मालकाने तो त्याच्या परीने सोडवला आहे. मोबाइलच्या कव्हराला जागा कमी लागते आणि उठाव भरपूर आहे.

ब्लाउजपीसची गोष्ट आणखी बिकट आहे, आणि त्यात आपल्या हवेचाही वाटा आहे. टू बाय टू रुबियाच्या छटांचे एक कपाट भरायचे म्हणजे शंभरावर तागे लागतात. त्यांतला पांढरा, काळा, लाल आणि पिवळा संपत राहतो, शेवाळी आणि जांभळट तपकिरी मात्र वर्षानुवर्षे तसेच राहतात. घाटावरच्या दुकानदाराला तो तागा नुसता ठेवला तरी चालतो. कोकणात चार महिने भिंतींना ओल असते. मेअखेरीस प्रत्येक तागा कागदात गुंडाळून डांबराच्या गोळ्यांसह बांधायचा, भर पावसात दर पंधरवड्याला कपाटे उघडून वास घ्यायचा, आणि दसऱ्यानंतर ऊन खणखणीत पडू लागले की सगळा माल गच्चीवर पसरून पुन्हा आत घ्यायचा, एवढे सगळे करूनही कोपऱ्यातल्या एखाद्या ताग्याला कसर लागलेली असायचीच. या कामाला आमच्याकडे दोन माणसे होती. आज त्या दोघांचा पगार शेवाळी ब्लाउजपीसमधून निघणार नाही.

‘ऑनलाइन बघा’ हे उत्तर ऐकून राग येणे स्वाभाविक आहे, परंतु दुकानदार ते बहुधा हतबलतेने देतो. रिंगेच्या बाबतीत तो सल्ला विशेष उपयोगाचाही नाही, कारण छायाचित्रात सगळ्या रिंगा सारख्याच दिसतात. सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाल्यानंतरही ते चिन्ह नसलेले कुकर आपल्या संकेतस्थळांवरून विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना दंड केला होता. तेव्हा कुकरचे झाकणच पिशवीत घालून घेऊन जावे, बुडावर कोरलेले कंपनीचे नाव आणि लिटर कागदावर लिहून घ्यावे, आणि आठवडा बाजारात शेगडी-मिक्सर दुरुस्त करणारा जो कोणी बसतो त्याला आधी विचारावे. त्याच्या पत्र्याच्या पेटीत अजूनही पुष्कळ रिंगा असतात. तेथे न मिळाल्यास भांड्यांच्या दुकानात पैसे आगाऊ देऊन मागवून घ्यावी. आगाऊ पैसे दिलेली वस्तू दुकानदार सहसा विसरत नाही.

एक प्रश्न विचारण्याची परवानगी असावी. गेल्या वर्षभरात त्या तीन मजली दुकानातून आपण या तीन वस्तूंखेरीज काय विकत घेतले? उत्तर आम्हाला कळविण्याची आवश्यकता नाही.

रत्नागिरी येथील एका वाचकाचे पत्र

शहरात नवे मोठे दुकान झाले आहे. माल भरपूर आहे, पण माणसे नाहीत. कापड सुती आहे की मिश्र आहे हे सांगणारे कोणी सापडत नाही. बिलाच्या वेळी मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिल होणारच नाही, असे सांगतात. घेतलेल्या कुर्त्याची शिवण पहिल्याच धुण्यात उसवली. परत घेऊन गेलो तर ‘सात दिवस होऊन गेले’ असे म्हणून हात वर केले. जुन्या दुकानात असे कधी झाले नव्हते.

उत्तर : शेवटच्या वाक्याशी आम्ही पूर्णपणे सहमत नाही. जुन्या दुकानांतही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी गल्ल्याच्या वर लटकत असे. फरक एवढाच, की पाटीखाली बसलेल्या माणसाला आपले वडील ओळखत होते, आणि त्या ओळखीपुढे पाटीचे काही चालत नसे. ही ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाचे मात्र हाल होत, हे काउंटरच्या पलीकडे उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो.

माणसे नसण्याचे कारण दुकानाच्या रचनेतच आहे. पूर्वी माल काउंटरच्या मागे असे आणि प्रत्येक वस्तू मागून घ्यावी लागे. गिऱ्हाइकाने स्वतः फिरून माल घ्यावा आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत, ही पद्धत १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या एका किराणा दुकानाने रूढ केली, कारण त्यामुळे नोकर कमी लागतात. साबणाच्या वडीला ती पद्धत शोभते, कारण साबणाविषयी विचारण्यासारखे फारसे काही नसते. कापड मात्र चिमटीत धरून, उजेडात नेऊन, सुताचा एक धागा ओढून, प्रसंगी तो जाळून वास घेऊन ओळखायचे असते. सुती धागा जळाला की कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याची कडक गाठ होते. आमचा कापड विभागातला माणूस हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवत असे. आता तो धागा घरी जाऊन आपणच जाळायचा आहे.

मोबाइल क्रमांकाविषयी : क्रमांक देण्याची सक्ती दुकानदाराने करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये व्यापारी संघटनांमार्फत दिलेली आहे. ‘क्रमांक द्यावयाचा नाही, बिल करा’ असे शांतपणे म्हणावे. मागे रांग असली तरी ओशाळू नये.

कुर्त्याविषयी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. रंग आवडला नाही, माप चुकले, घरी कोणाला पसंत पडले नाही, अशा वेळी वस्तू बदलून देणे ही दुकानदाराची सवलत असते आणि तिच्या अटी तो ठरवू शकतो. वस्तूच सदोष असेल तर प्रश्न कायद्याचा होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा ते सात दिवस बिलावर छापलेले आहेत की केवळ तोंडी सांगितले आहेत, हे आधी पाहावे. छापलेले असले तरीसुद्धा सदोष मालाविषयी तक्रार करण्याचा हक्क आठव्या दिवशी संपत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. उसवलेल्या शिवणीचे छायाचित्र काढावे, कुर्ता पुन्हा शिवून घेऊ नये, त्यावरची चिठ्ठी जपून ठेवावी आणि आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतही बोलता येते. एका कुर्त्यासाठी एवढे करावे का, हे आपण ठरवावे. आमच्या मते फोनपर्यंत तरी जावे.

चिपळूण येथील एका वाचकाचे पत्र

बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानातून घेतलेला मिक्सर नादुरुस्त निघाला म्हणून त्यांनी मला १,८५० रुपयांची क्रेडिट नोट दिली. ती वापरण्यापूर्वीच दिवाळीनंतर दुकान बंद झाले. २०२१ च्या पुरात या दुकानाचा सगळा माल गेला होता आणि तरीही ते पुन्हा उभे राहिले होते. पुरातून वाचलेले दुकान असे अचानक बंद होईल असे वाटले नव्हते. आता हा कागद चुलीत घालायचा का?

उत्तर : चुलीत घालू नये, त्याच्या दोन छायाप्रती काढाव्यात.

२२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणच्या बाजारपेठेचे काय केले हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. परंतु एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पुरात माल गेला तरी घाऊक व्यापाऱ्यांची देणी जात नाहीत. बुडालेल्या मालाचे पैसे नव्या मालाच्या विक्रीतून फेडावे लागतात, आणि नव्या मालाची विक्री जर पूर्वीइतकी होत नसेल तर दुकान उभे राहिलेले दिसते खरे, पण ते आतून पोकळ झालेले असते. आपल्या दुकानदाराचे तसेच झाले असेल असे आम्ही म्हणत नाही. तरीही मालकाला पत्र लिहिताना ही शक्यता मनात असू द्यावी.

क्रेडिट नोट म्हणजे दुकानदाराने आपले देणे लागत असल्याची लेखी कबुली आहे. दुकान बंद झाल्याने देणे फिटत नाही. ते कोणाकडून मागायचे, एवढाच प्रश्न आहे. मूळ बिलावर १५ अक्षरी-अंकी जीएसटी क्रमांक असेल. तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या ठिकाणी घातल्यास धंद्याचे नोंदलेले नाव, मालकी एकट्याची आहे, भागीदारी आहे की कंपनी आहे, आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. एकट्याची मालकी असेल तर दुकानाचे देणे हे त्या व्यक्तीचेच देणे असते. भागीदारी असेल तर कोणत्याही भागीदाराकडे पूर्ण रक्कम मागता येते. कंपनी असेल आणि ती दिवाळखोरीत गेली असेल, तर मात्र लिक्विडेटरकडे, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दावा नोंदवून वाट पाहावी लागते, आणि १,८५० रुपयांसाठी ती वाट फार लांबची आहे.

मालकाच्या पत्त्यावर क्रेडिट नोटेच्या प्रतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे, १५ दिवसांची मुदत द्यावी, भाषा सौम्य ठेवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. उत्तर न आल्यास रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मालक आता पुण्यात असो वा मुंबईत, ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिलेली आहे, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल करता येते. मालकाने पैशांऐवजी गोदामात उरलेल्या मालातून एखादी वस्तू देऊ केली तर ती घेऊन टाकावी, असे मात्र आमचे खाजगी मत आहे.

दापोली येथील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र

माझा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तेथेही मोठमोठी डिपार्टमेंट स्टोअर्स बंद पडत आहेत, असे तो सांगतो. हा सर्व ऑनलाइन खरेदीचाच परिणाम आहे का? आणि कोकणात खऱ्या अर्थाने डिपार्टमेंट स्टोअर कधी होते का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक गमतीचे आहे. कोकणाचे डिपार्टमेंट स्टोअर मुंबईत होते आणि ते ट्रंकेतून गावी येत असे. वस्तूवर किंमत लिहिलेली असावी, घासाघीस नसावी आणि न आवडलेली वस्तू परत करता यावी, या गोष्टी पॅरिसच्या ‘बॉन मार्शे’ या दुकानाने १८५२ नंतरच्या काळात रूढ केल्या आणि त्याच नमुन्यावर साहेबाने मुंबईत दुकाने थाटली. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही इमारत त्या दुकानाचे नाव अजून मिरवते आहे, आणि आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर जेथे व्हाइटवे लेडलॉचे दुकान होते त्याच इमारतीत पुढे खादी भांडार आले. तेथे आपल्या गिरणगावातल्या माणसाला काही काम नव्हते. त्याच्यासाठी १९४८ मध्ये नायगावात कामगारांच्या सहकारातून अपना बाजार उभा राहिला. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले कामगार मोठ्या संख्येने होते, आणि मे महिन्यात किंवा गणपतीला गावी येताना ते जे आणत, त्यावर घरच्या मंडळींचे वर्षभराचे टॉवेल, चादरी, परकर आणि स्टीलची भांडी भागत. भांड्यांवर नाव घालून आणायचे, म्हणजे वाडीतल्या लग्नकार्यात अदलाबदल झाली तरी परत येत. आमच्या घरात एका तांब्यावर आजोबांचे नाव आहे आणि त्याखाली वर्ष आहे, १९६१. अक्षरे ठिपक्याठिपक्यांची आहेत, आणि घालणाऱ्याने ‘ष्ण’ लिहिताना हात सोडलेला आहे. गावच्या बाजारपेठेतली मोठी दुकाने या ट्रंकेशी स्पर्धा करीतच वाढली. १९८२ च्या गिरणी संपानंतर ट्रंका आटल्या, आणि त्यानंतरची काही वर्षे आमच्या भांडारासाठी सर्वांत चांगली गेली, हे लिहिताना बरे वाटत नाही.

आता इंग्लंड. ऑनलाइन खरेदीचा वाटा मोठा आहे, पण सगळे खापर तिच्यावर फोडता येणार नाही. ब्रिटिश होम स्टोअर्स हे जुने नामांकित दुकान २०१५ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकले गेले आणि २०१६ मध्ये बंद पडले. त्या वेळी कामगारांच्या पेन्शन निधीत मोठे भगदाड उघडकीस आले होते. डेबेनहॅम्सच्या मालकांनी आपल्या अनेक दुकानांच्या इमारती विकून त्याच पुन्हा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतल्या. विक्री घटली तरी भाडे घटेना, आणि मे २०२१ मध्ये त्यांची उरलेली दुकाने बंद झाली. अमेरिकेत सिअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तर मेसीजने सुमारे १५० दुकाने बंद करण्याची घोषणा २०२४ मध्ये केली. आपल्या बाजारपेठेत जी जुनी दुकाने अजून उघडी दिसतात त्यांची यादी करून पाहावी. त्यांतली बहुतेक स्वतःच्या जागेत किंवा जुन्या पागडीच्या, म्हणजे नाममात्र भाड्याच्या, जागेत आहेत, असे आपल्याला आढळेल. धंदा मंदावला तरी जागा तग धरते.

खेड येथील एका भगिनींचे पत्र

दुकानाच्या नावाची जाहिरात छापलेल्या कागदी पिशवीचे पैसे घेणे योग्य आहे का?

उत्तर : पूर्वसूचना न देता, पैसे देण्याच्या वेळी पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले आहे. दाराशीच स्पष्ट पाटी असेल तर तक्रारीला जोर राहत नाही. घरून पिशवी न्यावी. आमच्या पिढीतला माणूस पिशवीशिवाय बाजारात गेला तर वाटेत भेटणारे त्याची विचारपूस करीत.

कणकवली येथील एका दुकानदाराचे पत्र

मी ग्राहक नाही, दुकानदार आहे, तरीही उत्तर द्यावे. आजोबांनी सुरू केलेले कापड, भांडी आणि कटलरीचे दोन मजली दुकान मी चालवतो. महामार्गाचा उड्डाणपूल झाल्यापासून वाटेत थांबणारी गाडी डोक्यावरून निघून जाते. गिऱ्हाईक येते, साडी उलगडून घेते, फोटो काढते आणि ‘घरी विचारून येते’ म्हणून जाते ते येत नाही. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि दुकान भाड्याने द्या म्हणतो. काय करावे?

उत्तर : दुकान बंद करावे की नाही हा सल्ला आम्ही देणार नाही. जागा आपली आहे, वय आपले आहे आणि मुलगा म्हणतो तेही चूक नाही. चालू ठेवायचे ठरल्यास काही गोष्टी सुचतात, त्या लिहितो.

साबण आणि चहापूड यांच्या मागे पुन्हा लागू नये. तो माल गेला. वरचा मजला बंद करावा, म्हणजे विजेचा आणि एका माणसाचा खर्च वाचेल. बिनउठावाच्या मालाला पोसणारे कोणी उरले नसेल तर त्याची किंमत त्याच्याकडूनच घेतली पाहिजे. जुन्या दुकानांनी माहिती, मापे, जोडकाम आणि सल्ला वर्षानुवर्षे फुकट दिला, कारण त्याचे पैसे दुसरीकडून सुटत होते. आता रिंग विकावी, ती झाकणात बसवून द्यावी, शिट्टी साफ करून द्यावी, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे वेगळे लावावेत. साडीला फॉल-बिडिंग, परकराला नाडा, उसवलेल्या बाहीला टाका, भांड्यावर नाव, हे सारे फोनवर मिळत नाही. त्याचे दर पाटीवर लिहावेत. गिऱ्हाईक कुरकुर करील. मालवणच्या ज्या भगिनींचे पत्र या सदरात पहिले आहे, त्या मात्र आनंदाने देतील असे वाटते.

दुसरे, आपल्या पेठेतल्या तीनचार दुकानदारांनी एकत्र बसावे. सर्वांनी सर्व ठेवण्याऐवजी एकाने रिंगा आणि सुटे भाग ठेवावेत, एकाने ब्लाउजपीस आणि अस्तर, एकाने सर्व मापांची होजिअरी, आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवावे. तीन मजल्यांचे दुकान पेठेत आडवे पसरल्यासारखे होईल. आमच्या वेळी असे सुचविणाऱ्याला व्यापारी मंडळाच्या सभेत हसले असते. शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक पाठवणे हा तेव्हा अपराध होता.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून याद्या जुलैअखेरीसच व्हॉट्सॲपवर मागवून घ्याव्यात, निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत आणि माल बांधून तयार ठेवावा. गाडीतून उतरलेल्या माणसाला दोन दिवसांत मखर, आरास, पाहुणे आणि भजन सांभाळायचे असते. बाजारात फिरायला त्याला वेळ नसतो आणि भाव करायला तर नसतोच.

शेवटची गोष्ट वहीची. आमच्या भांडारात प्रत्येक विभागाच्या काउंटरखाली दोरीने बांधलेली एक ‘मागणी वही’ असे. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू नसेल तर ‘नाही’ म्हणण्याआधी ती वहीत लिहायची, असा नियम होता. तारीख, वस्तू, माप, आणि गिऱ्हाइकाची वाडी. एकाच वस्तूपुढे महिन्यात तीन रेघा पडल्या की खरेदी विभागात, म्हणजे माझ्याकडे, चिठ्ठी येत असे. भांडार बंद झाले तेव्हा फर्निचर लिलावात गेले आणि वह्या रद्दीत गेल्या. त्यांतली भांडी विभागाची एक मी घरी आणली. तिच्या शेवटच्या दोन वर्षांच्या पानांवर काहीच लिहिलेले नाही. त्या दोन वर्षांत कोणी काही मागितले नाही, की आमच्या माणसांनी लिहिणे सोडले होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शंभर पानी वही पुरेल. तारीख घालावी, आणि पहिल्या ओळीवर लिहावे : रिंग, ५ लिटर, आतले झाकण की बाहेरचे ते विचारून घेणे, मालवण.